मागचं इंजिन

शिवरामकाका लोकांना डोंगर दाखवायला नेत, पण स्वतः कधी पुढे चालत नसत.

वाटाड्या म्हटला की तो पुढे आणि बाकीचे मागे, अशी जगाची रीत. आमच्या काकांची उलटी. पाहुणे पुढे, आणि सगळ्यांच्या शेवटी, दहाएक पावलं सोडून, हे. अंगात रेल्वेचा विरलेला निळा कोट, खाली गुडघ्याशी संपणारं धोतर, खांद्याला एक वाळूची पिशवी. वाट फुटली की पाहुणे घोटाळायचे, मागे वळून बघायचे. काका झाडावरचं माकड न्याहाळत असल्यासारखे उभे. शेवटी कुणीतरी धीर करून एक वाट धरायचा. ती बरोबर असली तर काका निमूट मागे चालत. चुकीची असली तर वीस पावलं चुकू देत, आणि मग दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारत की पाहुण्यांबरोबर रानातली पाखरंही परत फिरत.

“अहो, आधीच सांगायचं ना!” मुंबईचा एखादा वकील कावायचा.

“मागचं इंजिन वाट दावत नसतं,” काका शांतपणे म्हणत. “मागचं इंजिन ढकलतं.”

ही नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हती. काकांनी तीस वर्षं तेच केलं होतं. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला आली की बोरघाट चढायला तिला मागून आणखी इंजिन लावत. त्या मागच्या इंजिनावर काका फायरमन. घाटभर कोळसा ओढायचा, गाडी वर ढकलायची, घाटमाथ्यावर इंजिन सोडवायचं, गाडी पुण्याच्या वाटेला लागली की आपण उलट्या पावली खाली यायचं. तीस वर्षांत काकांनी निम्मी मुंबई घाटावर चढवली असेल, पण स्वतः घाटमाथ्याच्या पुढे एक स्टेशनही गेले नव्हते. मी एकदा विचारलं होतं, “काका, पुणं नाही बघितलं कधी?” तर म्हणाले, “तितं पुढचं इंजिन जातं.”

पुढे घाटात विजेच्या तारा आल्या, वाफेची इंजिनं गेली, आणि काका कर्जतशेजारच्या भिसेगावच्या आपल्या घरी येऊन बसले. पण तीस वर्षांची सवय अशी बसू देते थोडीच? कर्जतला मुंबई-पुण्याचे हौशी लोक उतरत. कुणाला कोंडाण्याची लेणी बघायची असत, कुणाला राजमाचीचा किल्ला. काकांनी त्यांना ढकलायला सुरुवात केली.

माणसांना ते डबे म्हणत. निघताना मोजत. “सात डबे,” असं म्हणून एखाद्या थोराड बाईंकडे नजर गेली की आवाज उतरवून “आनि एक मालडबा,” अशी पुस्ती जोडत. चढावर कुणी गप्पा मारू लागला की मागून आवाज यायचा, “वाफ वाया! वाफ वाया!” कुणी बसलं की “ब्रेक सोडा.” ओलसर कातळ आला की पिशवीतली मूठभर वाळू त्यावर टाकायची, कारण घाटात रूळ निसरडे झाले की इंजिनही वाळू टाकतं. आणि कुणी अगदीच ढेपाळला तर काका त्याच्या पाठीला सरळ खांदा लावत. मुंबईच्या एका नामांकित डॉक्टरांना त्यांनी असं अर्धा कोस ढकललं होतं. डॉक्टर म्हणे वर पोचल्यावर म्हणाले, “गेल्या वीस वर्षांत इतका बरा मी चाललो नव्हतो.”

त्यांचा एक नियम मात्र फार कडक. “अजून किती राहिलं?” हा प्रश्न दोनदा विचारला तर माफ. तिसऱ्यांदा विचारला की शिट्टी, आणि सगळी गाडी परत कर्जतला. पुण्याच्या एका मास्तरांना त्यांनी असं लेण्यांच्या अलीकडून परत आणलेलं. लेणी समोर दिसत होती. मास्तर हात जोडत होते. काका म्हणाले, “सिग्नल पडला नाय.”

अशा माणसाच्या घरात मी दोन वर्षं राहिलो. माझं गाव वऱ्हाडात, चहूकडे सपाट काळी जमीन. मराठी सहावीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. घरी आई, दोन बहिणी. मिळेल ते काम करत करत एकविसाव्या वर्षी इकडे येऊन पडलो. विजेच्या तारांचे खांब उभारणाऱ्या एका कंत्राटदाराचं भिवपुरीला गुदाम होतं, तिथे मालाला चिठ्ठ्या लावायचं काम. राहायला जागा नव्हती. कर्जत स्टेशनावर पत्र्याची पेटी घेऊन बसलो होतो, तर हा निळा कोटवाला मागून आला आणि माझी पेटी उचलून चालू लागला. म्हणजे मला पुढे घालून चालू लागला. मी चोर समजून घाबरलो. ते म्हणाले, “चल की रं. ओटी रिकामी हाय.”

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “तुमच्या गावात डोंगरच नाय?”

“नाही.”

“मग सूर्य कुठनं उगवतो?”

“शेतातून.”

काका विचारात पडले. “पीक जळत नाय?”

माझ्या नोकरीवर मात्र त्यांचा राग. तारा आल्या म्हणून त्यांचं इंजिन गेलं, आणि तारांच्या गुदामात मी. संध्याकाळी घरी पोचलो की ओटीवरून प्रश्न, “आज किती वीज केलीस?”

“काका, मी वीज करत नाही. मी चिठ्ठ्या लिहितो.”

“चिठ्ठ्या तर चिठ्ठ्या. पाप तेवढंच.” असं म्हणून माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण ठेवायचे. मी जेवलो नाही तर तेही जेवत नसत. हे माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि तेव्हापासून मला भूक नसली तरी असू लागली.

मी स्वभावाने भित्रा. चिठ्ठीवर एक आकडा चुकला असेल का, या धास्तीने जेवता जेवता उठून अंगरख्याचे खिसे तपासणारा. त्यातून त्या हिवाळ्यात काम संपत आल्याची बातमी आली. खांब उभे राहिले होते. महिनाअखेरीस गुदामातल्या सहा लेखनिकांपैकी पाचांना रजा मिळणार, एकाला ठेवणार. कुणाला, ते हेडक्लार्क अप्पासाहेब ठरवणार. बाकीचे पाचजण माझ्यापेक्षा शिकलेले. मी घरी परत गेलो तर तिथे शेत नव्हतं, काम नव्हतं, तीन तोंडं तेवढी होती.

अशात एके दिवशी अप्पासाहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. मी मनात पेटी भरायला घेतली.

“तू त्या ढकलणाऱ्या म्हाताऱ्याकडे राहतोस ना?” ते हलक्या आवाजात म्हणाले.

भानगड अशी होती. कंत्राटदाराचे गोरे साहेब जुन्या वस्तूंचे शौकीन. त्यांनी अप्पासाहेबांना कोंडाण्याच्या लेण्यांचं चित्र दाखवून विचारलं, “हे पाहिलंय?” साहेबापुढे ‘नाही’ म्हणायची अप्पासाहेबांना सवय नव्हती. ते म्हणून गेले, “येस सर, मेनी टाइम्स.” राजमाची? तीही मेनी टाइम्स. साहेब खूश झाले आणि म्हणाले, मग पुढच्या रविवारी तुम्हीच मला दाखवा.

“म्हणजे या रविवारी मला ते सगळं पाहून आलं पाहिजे,” अप्पासाहेब घाम पुसत म्हणाले. “लेणी, आणि वर राजमाचीच्या मनरंजन किल्ल्याच्या माथ्यापर्यंत. कुणाला कळता कामा नये. तू मला वर पोचव. मग तुझं नाव मी ठेवतो. नाही पोचलो, तर…” ते थांबले. पुढचं मला कळलं.

अप्पासाहेबांचा देह मोठा होता. खुर्चीतून उठताना ते आधी टेबलाला विश्वासात घेत.

मी घरी येऊन काकांना सगळं सांगितलं. काका म्हणाले, “वजन किती?”

“मोठे आहेत.”

“पाऊस नाय, रूळ कोरडं हायत. जमंल.” आणि जरा थांबून, “पन नेम तो नेम. तीनदा इचारलं की परत.”

त्या रविवारी दिवस उगवायच्या आत आम्ही बैलगाडीने पायथ्याच्या कोंदिवड्याला पोचलो. अप्पासाहेबांनी बूट, मोजे, उपरणं, छत्री, वही असा सरंजाम आणला होता. काकांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली, कौतुकाने पाहिलं आणि मला म्हणाले, “दोन डबे.” मालडब्याचं नाव काढलं नाही, याबद्दल मी मनातून आभार मानले.

पहिला चढ लागला. शंभर पावलांवर अप्पासाहेब थांबले. “अजून किती राहिलं हो?”

“एक,” मागून काका म्हणाले.

“एक काय? कोस?”

“नाही नाही,” मी घाईने म्हणालो. “चला, पुढे सावली आहे.”

पुढे ओढा ओलांडला, पुन्हा चढ. अप्पासाहेब छत्री टेकून उभे. “अरे, अजून किती…”

“दोन,” मागून.

इथून माझी खरी नोकरी सुरू झाली. अप्पासाहेबांचा ‘अ’ निघाला की मी काहीतरी बोलायचो. “अप्पासाहेब, ते बघा माकड!” “अप्पासाहेब, आमच्या वऱ्हाडात सूर्य शेतातून उगवतो!” एकदा काहीच सुचेना तेव्हा मी त्यांना गुदामातल्या खिळ्यांचे प्रकार म्हणून दाखवले. मागून “वाफ वाया! वाफ वाया!” चाललेलंच. एक ठाकरीण डोक्यावर भली मोठी मोळी घेऊन वरून उतरत होती. तिने अप्पासाहेबांकडे बघितलं, मागच्या काकांकडे बघितलं.

“काय रं बाबा, आज काय भरलंस? भाताची पोती?”

“वल्लं लाकूड हाय, ताई,” काका म्हणाले.

“मग कडंला ठेव. वाळलं की ने.” आणि ती हसत हसत उतरून गेली. अप्पासाहेबांनी ऐकलं नाही. ते त्या वेळी श्वास घेत होते.

लेण्यांशी आलो. शिकलेल्या माणसांनी वर्णन करावं अशी ती जागा. मला एवढंच सांगता येईल की मी गप्प झालो. डोंगराच्या पोटात देवळासारखं उंच घर, पिंपळपानासारखी दगडी कमान, वरती सज्जे, नाचणारी माणसं. समोर दरी, झाडी, आणि खाली कुठेतरी ओढ्याचं पाणी. हे सगळं कुणीतरी छिन्नीने केलं, आणि नाव न सांगता निघून गेलं. अप्पासाहेबांना मात्र चेव चढला. छत्रीने खांब मोजू लागले, वहीत लिहू लागले. शेजारच्या लेण्यात भिक्षूंच्या छोट्या छोट्या खोल्या होत्या, आत दगडी ओटे.

“हे कशाला असेल?” अप्पासाहेबांनी मला विचारलं.

मागून काका म्हणाले, “रनिंग रूम.”

“म्हणजे?”

“ड्युटी संपली की डायवर-फायरमन पडतात ती खोली. ह्या बगा खाटा. आमच्या घाटमाथ्याला अशाच व्हत्या, फकस्त लाकडाच्या. साधू लोक घाट चढून येनार, हितं रात काढनार, सकाळी पुढं. मोठं ठेसन व्हतं हे.”

अप्पासाहेबांनी तेही वहीत लिहिलं.

वरचा चढ लांबचा. तो कसा गेला ते सांगत नाही; काकांच्या कोटाचा उजवा खांदा उसवला, यात सगळं आलं. दुपारच्या सुमाराला रान संपलं आणि खिंडीत आलो. तिथे वाटेच्या कडेला दगडांची आणि सुक्या पानांची एक रास होती. येणाऱ्याजाणाऱ्याने खिंडीतल्या देवाला एक दगड नाहीतर एक डहाळी वाहायची, अशी त्या भागातली चाल. आम्ही डहाळ्या वाहिल्या.

काकांनी दोन शिट्ट्या मारल्या. “माझी हद्द झाली. आता वाट एकच हाय, सरळ. वाडी लागंल, भैरोबाचं देऊळ लागंल, डाव्या-उजव्या अंगाला दोन किल्लं. जावा.”

हेही त्यांचं नेहमीचं. कुठलाही पाहुणा असो, काका त्या राशीपर्यंत येत आणि वळत. पाहुणे म्हणत, एवढं आलात, आता वर चला. काका मान हलवत. सवय, असं मी समजत असे. गाडी पुढे जाते, मागचं इंजिन खाली येतं.

आम्ही दोघे निघालो. वाडी ओलांडली, देवळात टेकलो, तळ्याचं पाणी प्यालो, आणि मनरंजन चढू लागलो. अर्ध्या वाटेवर अप्पासाहेब एका कातळावर बसले ते बसलेच.

“पुरे झालं. इथून दिसतं तेवढं पुष्कळ आहे.”

“अप्पासाहेब, साहेब वरच्या टाक्यांबद्दल विचारतील. दरवाज्याबद्दल विचारतील.”

“मी आजारी पडेन त्या दिवशी.” त्यांनी डोळे मिटले. “आणि हे बघ, गुदामात दुसरी मुलंही आहेत. हुशार आहेत. त्यांनी मला असं रानात आणून मारलं नसतं.”

खांदा लावावा असं मनात आलं. काका लावत, तसा. दोनदा त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पण हेडक्लार्कच्या पाठीला हात कसा लावायचा? ज्यांच्या खोलीत मी चपला बाहेर काढून जात असे, त्यांना ढकलायचं? हात पुढे होईना. “बसा, आलोच,” म्हणालो आणि उतारावर पळत सुटलो. काका आता पार खाली लेण्यांपाशी पोचले असतील, हाक तरी ऐकू जाईल का, एवढंच डोक्यात.

काका त्या राशीशेजारी बसले होते. उसवलेला खांदा काट्याने टाचत होते.

“तुम्ही गेला नाहीत?”

ते ओशाळले. “उतरताना डबं मोजाया लागतात. कुनी मागं ऱ्हायलं तर?”

म्हणजे इतकी वर्षं, प्रत्येक खेपेला, हा माणूस पाहुण्यांना निरोप देऊन इथेच बसत होता. ते परतले की झाडीत सरकून त्यांना पुढे जाऊ देत होता, आणि मग पुन्हा त्यांच्या मागे. पाहुण्यांना वाटे, आपण आपले उतरलो.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. “काका, ते उठत नाहीत. ते उठले नाहीत तर मला गावी जावं लागेल.”

काका उठून उभे राहिले. राशीपलीकडच्या वाटेकडे बघत राहिले. खिंड ओलांडली की तिथली जमीन मोकळी होते, आभाळ मोठं होतं. त्यांना तिकडे बघवत नव्हतं की बघावंसं वाटत होतं, मला कळेना. शेवटी त्यांनी शेजारच्या कारवीची एक डहाळी मोडली, राशीवर ठेवली.

“आज पुढं जातो रं देवा. पोराची नोकरी हाय.”

आणि निघाले.

अप्पासाहेबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या पाठीला खांदा लागलेला होता. “अहो, अहो!” करत ते उठलेच. एकेक पायरी, एकेक दगड. मीही मग धीर करून दुसरा खांदा लावला. आश्चर्य म्हणजे आभाळ कोसळलं नाही. माथा जरासा राहिला असेल, तेवढ्यात अप्पासाहेबांच्या तोंडून निघालंच:

“अजून किती राहिलं हो?”

तिसरा. मी डोळे गच्च मिटले. शिट्टीची वाट बघू लागलो.

मागून काकांचा आवाज आला, जरा वेगळाच. “मला ठाव नाय. मी बी हितं पयल्यांदाच येतोय.”

आम्ही वर पोचलो.

वर अप्पासाहेबांचं अगदी लहान मूल झालं. तट मोजला, टाकी मोजली, दरवाज्याचं चित्र काढलं. खाली कर्जतचा मुलूख पसरलेला, पलीकडे माथेरानचा डोंगर, आणि दरीपल्याड बोरघाट. घाटात एक गाडी मुंगळ्यासारखी चढत होती. “शिवराम, ती बघ तुझी गाडी!” अप्पासाहेब ओरडले. “मागे इंजिन आहे बघ!”

काका तिकडे बघत नव्हते. ते उगवतीच्या बाजूला तटाशी उभे होते. मी जवळ गेलो.

“वऱ्हाड्या, तळेगाव कुठल्या अंगाला रं?”

मी कल्याणकडून आलेला, मला काय ठाऊक? अंदाजाने हात केला. ते तिकडे बघू लागले. तिकडे नुसत्या टेकड्या आणि धूसर आभाळ.

“तितं माजी लेक दिलीया. सोना.”

इतके दिवस एका छपराखाली राहत होतो. काकांना लेक आहे हे मला माहीत नव्हतं.

“अकरा वर्सं झाली. लगीन लागून गेली त्या गाडीला मागनं आमचंच इंजिन. डायवर म्हनला, शिवराम, आज राहू दे. म्हटलं, नाय, मीच चढवतो तिला. घाटमाथ्याला इंजिन सुटलं. डबा गेला.” त्यांनी तटावरचा एक सुटा दगड नीट बसवला. “पयल्या दिवाळीला आली व्हती. मग तिची आय वारली. सासू हातरुनाला खिळली, मग तिला कुनी धाडंना.”

“तुम्ही जायचं ना. पास होता तुम्हाला.”

“कसा जाऊ? तिला मूल नाय.”

मग मला कळलं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत आमच्या वऱ्हाडातही आहे. तरी मी म्हणालो, “पाणी न पिता भेटून यायचं.”

“तेच तर.” काका माझ्याकडे वळले. “बाप दारात आल्यावर ती तांब्या घिऊनच येनार. मी नको म्हननार. का नको, ते तिला ठाव, सासूला ठाव, शेजारनीला ठाव. तांब्या तिच्या हातात तसाच. म्हंजे तिला मूल नाय, हे मीच तिच्या दारात जाऊन वरडल्यासारखं झालं की रं.”

अप्पासाहेब दूर कुठेतरी पावलं मोजत होते, एकोणीस, वीस.

“तुला रीत नाय,” काका म्हणाले. “तू तिचा कुनी लागत नायस. तुजा नोकरीचा कागद झाला की एक डाव जाऊन ये. तिच्या घरचं पानी मागून पी.”

पुढचा रविवार अप्पासाहेबांनी गाजवला. काका दोघांना मागून ढकलत होते, साहेबांनाही, आणि साहेबांना ते फार आवडलं म्हणे. भिक्षूंच्या खोल्यांशी अप्पासाहेबांनी न अडखळता ‘रनिंग रूम’ सांगितलं. साहेबांनी ते आपल्या वहीत उतरून घेतलं. महिनाअखेरीस पाचजणांना रजा मिळाली आणि मला कामावर ठेवल्याचा कागद मिळाला. मी तो कागद काकांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, घडी घातली, माझ्या खिशात ठेवली, आणि खिसा वरून थोपटला.

पहिल्या सुट्टीला मी तळेगावला गेलो. घर शोधायला त्रास पडला नाही. सोनाताई अंगण सारवत होत्या. काकांसारखंच रुंद कपाळ. मी म्हणालो, “कर्जतहून आलोय. शिवरामकाकांच्या ओटीवर राहतो. तहान लागली आहे.”

त्यांनी हात धुतले. तांब्या आणला, पेला आणला, गुळाचा खडा आणला. मी पाणी प्यालो. विहिरीचं, गार. बाप बरा आहे का, खातो काय, खोकला आहे का, अजून लोकांना ढकलत फिरतो का, एवढं विचारलं. तो का येत नाही, हे विचारलं नाही. मी उठू लागलो तेव्हा म्हणाल्या, “थांबा, दादा.”

पुन्हा पेला भरला. काठोकाठ.

“हा त्यांचा. तुम्हीच प्या.”

माझ्या पोटात जागा नव्हती. पण मी प्यालो. त्या शेवटपर्यंत पेल्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी घरी पोचलो तर काका ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. वर बघितलं नाही. बोटं तांदळात फिरत राहिली.

“पानी कसं हाय तिकडचं?”

“गार आहे. दोन पेले प्यालो.”

“दोन?”

“दुसरा तुमचा म्हणून दिला.”

बोटं थांबली. “समदा प्यालास ना रं?”

“थेंब ठेवला नाही.”

काकांनी सूप बाजूला ठेवलं. हाताच्या पालथ्या बाजूने सावकाश तोंड पुसलं, पाणी पिऊन झाल्यावर माणूस पुसतो तसं.